पाऊण तासाची पंगत

अप्पाराव बोरीकरांना तंद्री लागायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे महाभारत झालं त्याचं खापर भलत्याच्या डोक्यावर फुटायला नको. परभणीच्या तहसील कचेरीत ते कारकून. निजामाच्या राज्यात त्यांना अहलकार म्हणायचे, मग मधली काही वर्षं काय म्हणायचं ते वरूनच ठरलं नव्हतं, आणि गेल्या साली आपण मुंबई राज्यात गेलो तेव्हापासून कारकून. खुर्ची तीच, तिचा हलणारा पायही तोच. दुपारचे दोन वाजले, साहेबांच्या खोलीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडल्याचा वास बाहेर आला, की अप्पारावांचा टाक हवेत थांबायचा, डोळे उघडे राहायचे आणि माणूस निघून जायचा. कुठं? तर बहुतेक वेळा कोर्टात. अंगात काळा कोट, समोर जज्जसाहेब, मागे सगळी परभणी श्वास रोखून बसलेली, आणि अप्पाराव बोलायलेत. तोवर इकडं कोण्या गरिबाचा जमिनीचा दाखला शाईच्या थेंबांनी निळा होऊन जायचा.

त्या साली या तंद्रीला चांगला खुराक मिळाला तो खिरीच्या मुकदम्याचा. अण्णासाहेब इनामदार ही मोठी असामी. एका दुपारी गव्हल्यांच्या खिरीच्या दोन वाट्या खाऊन पानावरून उठले, आणि पाऊण तासानं जे लोळले ते संपलेच. पोटात सोमल नावाचं विष निघालं. खीर केली होती पार्वतीबाईंनी. इनामदारांच्या घरी एकवीस वर्षं स्वयंपाक करणारी ही विधवा बाई. पुढं-मागं कोणी नाही, बोलणं मोजकं, आणि हाताला चव अशी की जेवून गेलेले पाहुणे गावी जाऊन बायकोशी भांडायचे. पोलिसांनी बाईंना नेलं. चौदा महिने तुरुंगात काढले त्यांनी. वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि परभणीत जेवढी माणसं तेवढे वकील झाले.

वाचनालयात उघड उघड दोन पक्ष पडले. फाशी पक्षाचे पुढारी धुंडिराज मास्तर, निवृत्त हेडमास्तर, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ आणि मतं त्या घड्याळाइतकीच पक्की. सुटका पक्षाचे पुढारी आमचे अप्पाराव.

"अहो, एकवीस वर्षं ज्या हातानं जेवू घातलं, तो हात एकाच दिवशी कसा बिघडंल?" अप्पाराव विचारायचे.

"बिघडायला एकच दिवस लागतो, बोरीकर," मास्तर घड्याळाला किल्ली देत म्हणायचे.

फैसल्याच्या आदल्या संध्याकाळी वाचनालयात बाकावर टेकायला जागा नव्हती. "उद्या फाशी. लिहून घ्या," मास्तर म्हणाले. अप्पाराव उत्तर द्यायला उभे राहिले. उभे राहिले तेव्हा ते शुद्धीवर होते, याला साक्षीदार आहेत. पण बोलता बोलता खिडकीतून लिंबाच्या मोहराचा वास आला आणि लागली की हो तंद्री! त्यांना दिसलं, पोखर्णीच्या नरसिंहाच्या आवारात लांबच लांब पंगत बसलीय, पत्रावळींवर उन्हाचे कवडसे हलायलेत, पार्वतीबाई पदर खोचून वाढायल्यात, आणि घासाघासाला माणसं अप्पारावांकडं मायेनं बघायलीत. ते दृश्य इतकं गोड होतं की त्यांनी ते मोठ्यानं बोलूनच टाकलं.

"पार्वतीबाई सुटल्या तर पोखर्णीच्या नरसिंहाला नवस! शंभर पानं घालीन. आणि स्वयंपाक त्यांच्याच हातचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनीच अप्पाराव जागे झाले.

दुसऱ्या दिवशी जज्जसाहेबांनी संशयाचा फायदा देऊन पार्वतीबाईंना सोडलं. कोर्टाच्या आवारात अशी आरोळी उठली की झाडांवरची पाखरं पिंगळीपर्यंत गेली असतील. कोणी टोप्या उडवल्या, कोणी डोळे पुसले, फाशी पक्षातल्या दोघांनी तर तिथंच "आमी आधीपासून हेच म्हणायलो होतो" असं सांगायला सुरुवात केली. कोणीतरी हौसेनं पेढ्यांची टोपली आणली. लोकांनी पेढा हातात घेतला, भक्तिभावानं कपाळाला लावला, आणि खिशात घातला. एकानंही तोंडात टाकला नाही.

मग गावाला एक चमत्कारिक आजार जडला. ज्याच्या त्याच्या घरी ज्याला त्याला पोट बिघडल्यासारखं वाटू लागलं. कोणाकडं चहा आला की पाहुणा म्हणायचा, "आधी तुमी घ्या ना." यजमान म्हणायचा, "छे छे, आधी तुमी." असा आग्रह लखनौच्या नवाबांनी केला नसेल. नवरे बायकांच्या स्वयंपाकाची तारीफ करू लागले. पंचवीस पंचवीस वर्षं जेवताना हूं की चूं न केलेले नवरे! एका वकिलानं तर रोज जेवायला बसल्यावर बायकोशी ताट बदलायची पद्धत पाडली. तिनं ओळखलं, आणि ती आधीच आपल्या ताटात कारल्याची भाजी दुप्पट वाढून ठेवू लागली. कोर्टानं बाईंना संशयाचा फायदा दिला तो दिला, संशय मात्र तसाच गावात ठेवून दिला.

फैसल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पाराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण, आणि दारात एक बाई. साधं लुगडं, हातात कापडाचं गाठोडं. फोटोतल्यापेक्षा बरीच वाळलेली.

"अप्पाराव बोरीकर तुमीच का? मी पार्वती."

अप्पारावांनी वस्तरा खाली ठेवला. मुकदमा चालला ते आठ महिने ज्या बाईसाठी ते भांडले तिला त्यांनी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तंद्रीत अशा वेळी ते फार सुंदर बोलायचे. आता तोंडातून निघालं, "या. साबण लागलाय."

"तुमी नवस बोललात म्हणे. त्याच्यासाठी आले."

"म्हणजे, बोललो तसा मी... बोलण्याच्या ओघात..."

पार्वतीबाई उंबऱ्याच्या बाहेरच बसल्या. "रामाच्या देवळात ओसरीवर पडून असते मी. पुजारी शिधा देतो, पण लांबून ठेवतो. चार घरी काम मागून आले. बसा म्हणतात, पाणी देतात, आणि मी वळले की तांब्या तीनदा घासतात. मला ऐकू येतं ना घासलेलं. कोर्टानं सोडलं, अप्पाराव, पण माणसांनी कुठं सोडलं? माझ्या हातचं शंभर माणसं जेवून उठली, तर मी या गावात राहीन. नाही उठली, तर परत हातात पळी धरायची नाही मला. मग कुठं जायचं ते जाईन."

अप्पारावांनी अर्ध्या गालाचा साबण पंचानं पुसला. मग त्यांनी एक बारीक सवलत मागून बघितली. "पक्वान्न पुरणपोळीच ठेवू, काय?"

"पुरणपोळी होईल. गव्हल्यांची खीरही होईल."

"खीर कशाला उगीच?"

"खीर नसली तर लोक म्हणतील, बाई भ्याली," पार्वतीबाई म्हणाल्या आणि गाठोडं उचलून गेल्या.

आतून सुमंगलाबाई बाहेर आल्या. अप्पारावांच्या पत्नी. तंद्री लागलेल्या माणसाचा संसार तेवीस वर्षं केला म्हणजे बाई किती जागी असेल याची कल्पना करा. "मी जाणार त्यांच्यासोबत पुरण वाटायला," त्यांनी जाहीर करून टाकलं. "मला त्या बाईची भीती न्हाई. भीती आहे ती तुमच्या तोंडाची. पुढच्या खेपेला नवस बोलायचा झाला तर आधी घरी येऊन विचारा."

कचेरीत नायब तहसीलदारांनी बोलावून घेतलं. "बोरीकर, अपिलाची मुदत संपायची आहे. सरकारी नोकरानं फैसल्याचा आनंद साजरा करावा, असा कुठं नियम आहे?"

"आनंद नाही साहेब, नवस आहे."

"मग नवसाचा अर्ज करा."

अर्ज कशावर करायचा? जुन्या राज्याचे छापील नमुने उर्दूत, ते रद्द झालेले. नव्या राज्याचे मुंबईहून निघालेले, पण पोचायचे होते. तीन दिवस कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, आणि दोनदा तर तो अप्पारावांच्याच टेबलावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' आला. शेवटी मोठ्या कारकुनानं शक्कल काढली आणि अर्ज 'जत्रा, उरूस व साथीचे रोग' या सदरात दाखल करून घेतला. मंजुरी मिळाली. पण त्या सदरातल्या कागदाची एक प्रत आपोआप आरोग्य खात्याला जाते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आमंत्रणं करायला निघाले तर एकेकाची तऱ्हा. एकानं चातुर्मास धरला होता, वैशाखात. एकाला दातांचा त्रास होता, आणि त्याच्या तोंडात दात नव्हताच. शेजारच्या नागनाथ वैद्यांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "जेवायच्या आधी पावशेर तूप प्या. सोमल तुपाला घाबरतो." "पण सोमल नाहीच ना त्यात!" अप्पाराव ओरडले. "नाहीच. म्हणून तर पावशेर. असता तर अच्छेर सांगितलं असतं," वैद्य शांतपणे म्हणाले. खरी गंमत पुढंच आहे. नाही म्हणणारा प्रत्येक जण शेवटी विचारायचा, "पण आहे किती वाजता?" जेवायचं कोणालाच नव्हतं. बघायचं मात्र सगळ्यांना होतं.

अप्पारावांची झोप उडाली. तंद्री लागेना, आणि झोपही येईना. डोळे मिटले की खिरीची वाटी दिसायची. आणि आता एक गोष्ट सांगतो, ती त्यांनी सुमंगलाबाईंनाही सांगितली नव्हती. या माणसाला स्वतःलाच भीती वाटायला लागली होती. आठ महिने छातीवर हात मारून निर्दोष निर्दोष म्हणणारा हा वकील मनात हिशेब करायचा, की समजा, समजा हं, मास्तरांचंच खरं असलं तर? असं मनात आलं की त्यांना स्वतःची इतकी लाज वाटायची की ते उठून घागरीतलं पाणी प्यायचे. त्यात त्यांना एकच आधार होता. नवसाच्या पंगतीत यजमान शेवटी जेवतो. सगळी पानं उठल्याशिवाय त्यानं तोंडात घास घेतला तर नवस फिटत नाही. शास्त्रच आहे ते, त्याला अप्पाराव काय करणार?

नवसाच्या दिवशी पोखर्णीला दीडशे माणसं जमली. बैलगाड्या सुटल्या, बैल सावलीला बांधले. देवळाच्या आवारात पिंपळाखाली पत्रावळी मांडल्या. मागच्या पडवीत चुली पेटल्या होत्या, वेलदोड्याचा आणि तुपाचा वास तरंगत तरंगत पंगतीवरून जायला लागला होता, आणि त्या वासानं भलेभले डोळे मिटून उभे होते. बंदोबस्ताला सटवाजी जमादार आला होता. आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टरही आले, तीन बाटल्या, लाख आणि मेणबत्ती घेऊन.

"नमुने घ्यायचेत," ते म्हणाले. "जेवण व्हायच्या आधीच घेतलेले बरे. मागून धावपळ होते."

पार्वतीबाईंनी तिन्ही बाटल्या खिरीनं भरून दिल्या. त्यांवर लाखेची मोहोर बसली. हे सगळं पंगतीच्या डोळ्यांदेखत झालं, आणि पंगतीची उरलीसुरली भूकही गेली.

देवाला नैवेद्य दाखवून झाला. माणसं पानांवर बसली. बसायला काय, बसणं म्हणजे काही जेवणं नव्हे. वाढून झालं. श्लोक झाले. एरवी पहिल्या श्लोकातच भाताला हात घालणारी ही माणसं, पण त्या दिवशी एकाचा श्लोक संपला की दुसरा सुरू करायचा. परभणीत इतकी श्लोक पाठ असलेली माणसं आहेत हे अप्पारावांना त्या दिवशी कळलं. शेवटी एकानं आरत्या काढल्या, तेव्हा मास्तर ओरडले, "बस्स करा!"

अप्पारावांनी हात जोडले. "मंडळी, सावकाश होऊ द्या."

कोणी हललं नाही.

"आधी यजमानांनी घ्यावं," कोणीतरी मागून म्हणालं.

"यजमान आधी जेवला तर नवस फिटत नाही," अप्पाराव लगबगीनं म्हणाले.

झालं! शंभर वकील पानांवर बसलेलेच होते. जेवणं आणि चाखणं यात फरक आहे का? आपत्काली शास्त्र काय म्हणतं? देवळाचा पुजारी मुंजाजी, त्याला विचारलं. त्यानं नुसतं भाताच्या ढिगाकडं पाहून सांगितलं, "देवाची काही तक्रार न्हाई. तुमचं तुमी बघा." वैद्य म्हणाले, तूप प्यालाय का? मास्तर म्हणाले, मुद्दा तुपाचा नाही, मुद्दा तत्त्वाचा आहे. भात थंड होत चालला होता. खिरीवर साय धरायला लागली होती.

तेवढ्यात पार्वतीबाई पडवीतून बाहेर आल्या. पंगतीच्या एका टोकाला वाकल्या आणि पहिली पत्रावळ उचलायला लागल्या.

"हे काय करायलात?" अप्पारावांनी विचारलं.

"उचलते. गाईला घालते. गाय खाईल." त्यांचा आवाज साधाच होता. पण हातातल्या पत्रावळीतून भाताची शितं एक एक करून खाली पडत होती.

अप्पारावांनी ती शितं पाहिली मात्र. काय झालं त्यांना, देव जाणे. पाट नाही, पाणी नाही, जिथं उभे होते तिथंच मातीत मांडी घातली, जवळच्या पानावरची खिरीची वाटी उचलली, मनातल्या मनात म्हणाले, "नरसिंहा, नवस नाही फिटला तर खांब फोडून ये बाबा, पण मला हे बघवत नाही," आणि वाटी तोंडाला लावली. रिकामी करूनच खाली ठेवली. मग दुसरी घेतली. मग पुरणपोळी.

दीडशे माणसं त्यांच्याकडं बघत होती. मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं. "अण्णासाहेबांना पाऊण तास लागला होता," ते म्हणाले. "बारा वाजून दहा मिनिटं झाली. पाऊण तास थांबू."

आणि थांबले हो! शंभर माणसं वाढलेल्या पानांवर मुकाट बसली आणि पन्नास उभी. मध्ये मातीत अप्पाराव. दर पाच मिनिटांनी मास्तर वेळ सांगायचे. वैद्य येऊन जीभ बघून जायचे. "कसं वाटायलंय?" "बरं वाटायलंय." "पोटात जळजळ?" "नाही." "घशाला कोरड?" "तुमी विचारलं म्हणून पडली." सटवाजी जमादार पाठीमागं येऊन पुटपुटला, "साहेब, काय सांगायचं असंल तर आत्ताच सांगा. जबानी घ्यायला कागद आनलाय."

पण खरं सांगू? अप्पारावांना फार छान वाटत होतं. पोटात खीर गेली होती. अशी खीर त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. कितीतरी रात्रींची भीती कुठल्या कुठं गेली होती. वर पिंपळाची पानं सळसळत होती, उन्हाचे कवडसे मांडीवर येत होते, जात होते. लोकांचे आवाज हळूहळू लांब गेले, पार नदीपलीकडं गेल्यासारखे. मग देवळाचा खांब अलगद उघडला आणि आतून नरसिंह आला. रागावलेला मुळीच नव्हता. पंगतीच्या शेवटच्या पानावर येऊन त्यानं मांडी घातली, आयाळ मागं सारली आणि वाटी पुढं केली. मिशांना खीर लागली होती त्याच्या. "वाढ," तो म्हणाला. अप्पाराव वाढत राहिले. पातेलं काही संपेना. देव काही उठेना. मोठं सुख होतं त्या वाढण्यात.

"साडेबत्तीस मिनिटं," मास्तर म्हणाले, आणि अप्पाराव आडवे झाले.

मग जो कल्लोळ उठला! "गेले! गेले!" पानांवरची माणसं अशी उठली की वरणाचा पाट वाहिला. सटवाजीनं शिटी फुंकली आणि पडवीच्या दिशेनं काठी रोखली. इन्स्पेक्टरांनी बाटल्या पोटाशी धरल्या. वैद्यांनी नाडी धरली आणि घाबरून स्वतःचीच धरली. "लागत नाही!" ते किंचाळले. कोणी मिठाचं पाणी आणायला धावलं. सुमंगलाबाई पुरणाचे हात तसेच घेऊन आल्या, "अहो! अहो, ऐकलंत का!" म्हणून हंबरडा फोडला. मास्तर घड्याळाकडं बघत उभे होते. त्यांचं सगळं खरं ठरलं होतं, आणि चेहरा मात्र रडवेला झाला होता.

पार्वतीबाई चुलीपासून धावत आल्या. माणसं बाजूला झाली, त्यांचा पदरही लागू नये अशी. त्या अप्पारावांच्या उशाशी बसल्या. कान खाली नेला.

"गप्प बसा सगळे," त्या म्हणाल्या. दीडशे माणसं गप्प बसली.

"घोरायलेत ते."

आणि त्या शांततेत अख्ख्या पंगतीला ऐकू आलं. चांगला दणदणीत, तालात, शिट्टीसकट घोरण्याचा आवाज.

"आगं बाई!" सुमंगलाबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी, आणि त्यातच संताप. त्यांनी अप्पारावांच्या खांद्याला असा रट्टा हाणला की नरसिंह खांबात परत गेला. अप्पारावांनी डोळे उघडले, भोवती दीडशे तोंडं पाहिली आणि म्हणाले, "खीर आहे का अजून? त्यांना पुरली नाही."

पहिल्यांदा मास्तर हसले. मग वैद्य. मग हसू असं पसरलं की बैल दावी ओढायला लागले. हसता हसताच कोणीतरी घास घेतला, बघता बघता सगळी पंगत जेवायला लागली. थंड वरण, थंड भात, साय धरलेली खीर, काही म्हणून उरलं नाही. मास्तरांनी सात पोळ्या खाल्ल्या, तत्त्वासकट. चातुर्मासवाल्यानं तो पुढच्या साली ढकलला. दुसरी पंगत बसली तेव्हा खीर संपली, तर इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या हातानं लाखेची मोहोर फोडली आणि तिन्ही बाटल्या वाढल्या. तिसरी निम्मी त्यांनी स्वतःच घेतली. ताट बदलणाऱ्या त्या वकिलानं पार्वतीबाईंना पुढच्या महिन्यातल्या मुंजीचं तिथंच पक्कं विचारून टाकलं. बाईंनी मान हलवली. हसल्या मात्र नाहीत.

मग ऊन कलायला लागलं. पोटं भरलेली माणसं पिंपळाखाली, गाड्यांखाली, ओसरीवर, जागा मिळेल तिथं पसरली. सगळं आवार मंद घोरत होतं. अप्पाराव पडवीत गेले. पार्वतीबाई विझल्या चुलीजवळ एकट्याच बसल्या होत्या, अजून जेवल्या नव्हत्या. सुमंगलाबाईंनी त्यांच्यासाठी एक वाटी खीर आधीच काढून कोपऱ्यात झाकून ठेवली होती. अप्पारावांनी स्वतः पत्रावळ मांडली, वाढलं, वाटी जवळ ठेवली.

"बाई, पंगत उठली. दीडशे माणसं जेवली तुमच्या हातचं. आता तुमी बसा."

पार्वतीबाई पानावर बसल्या. भात खाल्ला, पोळी खाल्ली. खिरीच्या वाटीपाशी त्यांचा हात थांबला.

"काय झालं? गार झाली का?"

"मगाशी तुमी पडलात तेव्हा मी बाहेर धावले. सगळेच धावले," त्या म्हणाल्या. "ही वाटी इथं होती. इथं कोणी नव्हतं."

"मग?"

"अप्पाराव, तुमी आठ महिने माझ्यासाठी भांडलात. माझ्या जन्मात माझ्यासाठी कोणी इतकं केलं न्हाई. पण एक गोष्ट कोणीच बोललं न्हाई. तुमी न्हाई, ते मास्तर न्हाई, वकील न्हाई, जज्ज न्हाई." त्यांनी वाटीकडं पाहिलं. "मी सोमल घातला नव्हता. पण अण्णासाहेबांच्या वाटीत तो होताच की. कोणीतरी घातला. ते माणूस परभणीतच आहे. आज इथं जेवून उठलं असंल. आता तिथं झाडाखाली झोपलं असंल."

अप्पारावांनी पडवीतून बाहेर पाहिलं. मास्तर, वैद्य, वकील, इन्स्पेक्टर. सगळ्यांच्या तोंडावर उपरणी, सगळ्यांची पोटं शांतपणे वर-खाली होत होती. सगळीच माणसं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

अप्पाराव आत वळले. मग खाली बसले, वाटी उचलली, उजव्या तळहातावर खीर ओतून घेतली आणि खाल्ली.

"आता घ्या," ते म्हणाले.

पार्वतीबाईंच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं. वाटीला हात लावला नाही.

"थांबू थोडं," त्या हळूच म्हणाल्या. "राग मानू नका."

"राग कसला," अप्पाराव म्हणाले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. पिंपळाची पानं सळसळत होती, कवडसे मांडीवर येत होते, जात होते. पाऊण तास ते तसेच बसून राहिले. या खेपेला मात्र त्यांना झोप आली नाही.